अर्ध्या वकीलबाई

तलासरीच्या सरकारी कचेरीसमोर एक किराणा दुकान होतं. बाजाराच्या दिवशी त्याच्या ओसरीवर एक टेबल, एक बाक आणि ‘येथे कायद्याचा सल्ला फुकट मिळेल’ अशी पाटी मांडली जाई. ज्याला पाटी वाचता येई त्याला सल्ल्याची फारशी गरज नसे, आणि ज्याला गरज असे त्याला वाचता येत नसे. पण पाटी मांडणारे गोविंदराव वकील हट्टी होते. तीस वर्षं डहाणूला आणि ठाण्याला वकिली करून दम्याने हात टेकायला लावले तेव्हा ते घरी बसले, आणि घरी बसवेना म्हणून या ओसरीवर येऊन बसले. लोक पाटी बघून नव्हे, त्यांचा खोकला ऐकून यायचे.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात त्या बाकावर एक मुलगी येऊन बसू लागली. चिखल्याच्या सावे यांची विजयमाला. घरी चिकूची वाडी, थोडी भाताची खाचरं, आणि ही मुंबईला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत वाडीला पाणी लावण्यापेक्षा काही उपयोगाचं करावं म्हणून तिने गोविंदरावांना पत्र टाकलं. वडील म्हणाले, फुकटच राबायचं होतं तर वाडी काय वाईट होती. आईची चिंता वेगळी होती. बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं, मुलगी कुठे जाते म्हणून? विजयमालाने दोघांचंही ऐकून घेतलं आणि सकाळची एस.टी. पकडली.

पहिल्या दिवशी लोकांना ती दवाखान्यातली नर्स वाटली. दोघांनी पायावरची गळवं दाखवली, एकीने पोराची जीभ. तेव्हा गोविंदराव खोकत खोकत म्हणाले, अरे, ही वकील आहे, अजून अर्धी आहे इतकंच. कचेरीतल्या शिपायांनी ते उचललं आणि तिचं नाव ‘अर्ध्या वकीलबाई’ पडलं. विजयमालाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण करते काय, परीक्षा व्हायची होती.

तिचं अक्षर मात्र पुऱ्या वकिलांनी मान खाली घालावी असं होतं. मोत्यासारखं, एका ओळीत. आणि अर्ज कसा भरावा हे तिच्याकडून शिकावं. वरपासून खालपर्यंत एक रकाना मोकळा ठेवायची नाही. रिकामा रकाना दिसला की तिला भांड्यात राहिलेलं खरकटं दिसल्यासारखं व्हायचं. हा गुण गोविंदरावांना फार आवडला. त्यातूनच सगळा घोळ झाला.

त्या वर्षी ओसरीवर येणारी माणसं बहुतेक एकाच कामाची असायची. नव्या कूळकायद्याने असं ठरवलं होतं की सत्तावन्न सालच्या एक एप्रिलला जो जमीन कसत होता तो तिचा मालक. पण त्यासाठी प्रत्येक कुळाला मामलेदारासमोर उभं राहून मी कसतो आणि मला जमीन घ्यायची आहे हे सांगावं लागे. तारीख चुकली किंवा तोंडातून भीतीने ‘नको’ निघालं की जमीन परत जमीनमालकाकडे जाई. तलासरीच्या पाड्यांवरून अशा किती जमिनी एका ‘नको’पायी गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. राग यावा अशीच ती गोष्ट होती आणि गोविंदरावांना तो रोज यायचा.

नवशी आली ती वैशाखाच्या उन्हात दीड कोस चालत. सोबत वीसेक वर्षांची मुलगी, हिरी. नवशीचा हाल्या साडेतीन एकरांचा कूळ, अर्धं भाताचं, अर्धं गवताचं. त्याची तारीख लागायच्या आधी, माघात, तापाने तो चार दिवसांत गेला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी जमिनीच्या मालकाचा, शेठचा, दिवाणजी पाड्यावर आला. कूळ मेला, त्याला वारस नाही, तेव्हा पावसाच्या आत झोपडं उचल, असं सांगून गेला. नवशीने हे सगळं अशा आवाजात सांगितलं की जणू शेजारणीच्या घरची हकीकत. 

वारस नाही कसा, तू बायको, ही मुलगी, असं म्हणून विजयमालाने टाक उचलला. अर्जदाराचं नाव, नवशी. मयताशी नातं, पत्नी. पुढचा रकाना विवाहाच्या वर्षाचा. हाल्याकडे येऊन किती वर्षं झाली, असं तिने विचारलं. नवशीला साल ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने सांगितलं की ती आली, मग दोन भातं काढली, मग हिरी झाली. विजयमालाने बोटांवर मोजलं आणि लिहिलं : विवाह, सन १९४०. मग अख्खा अर्ज कचेरीच्या मराठीत भराभर वाचून दाखवला, नवशीने मान हलवली आणि अंगठा उठवला. खाली ‘लिहिणार’ म्हणून विजयमालाने आपलं नाव घातलं, तेही मोत्यासारखं.

तारीख लागली त्या दिवशी गोविंदरावांना दम्याने ओसरीवरून उठू दिलं नाही, म्हणून नवशीबरोबर विजयमाला एकटीच गेली. कचेरीत मामलेदार, कारकून आणि शेठचे डहाणूचे वकील. हे वकील देहाने भारदस्त आणि बोलायला लोण्यासारखे मऊ. त्यांनी नवशीला दरडावलं नाही. उलट खुर्ची जवळ ओढून आपुलकीने विचारलं, “नवशीबाई, तुमच्या लग्नाला धवलेरी कोण होती?”

नवशी वारली जमातीची, आणि वारल्यांचं लग्न भट लावत नाही. धवलेरी लावते, पाड्यातली जाणती बाई. दोन दिवस ती गाणी म्हणते, सवाशिणी घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात, आणि धवलेरीची गाणी पुरी झाली की लग्न झालं. हे शेठच्या वकिलांना माहीत होतं, कारण त्यांचं आयुष्य या मुलखात गेलं होतं. चिखल्याहून तलासरी किती लांब? पण विजयमालाला हे माहीत नव्हतं.

नवशीने जराही न अडखळता उत्तर दिलं. “लगीन नाय झाला. कराचा व्हता.”

मामलेदारांचा टाक थांबला. वकिलांनी अर्ज उचलून वाचला आणि अगदी दुःखी चेहरा करून विचारलं की मग हे १९४० साल आलं कुठून? नवशीने विजयमालाकडे बोट केलं. “ता या बायला ठावं. तिनाच लिवला.”

कारकून हसला. विजयमालाला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. वकिलांनी मग सावकाश एकेक खिळा ठोकला. लग्न नाही म्हणून ही पत्नी नाही. ही पत्नी नाही म्हणून तिची मुलगी वारस नाही. म्हणजे कूळ बेवारस मेला, जमीन मालकाची. शिवाय अर्ज खोटा, तो लिहिणारीचं नाव खाली आहेच. मामलेदारांनी सगळं टिपून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पंधरा दिवसांची तारीख देतो, म्हणाला, काही दुरुस्ती असली तर घेऊन या.

ओसरीवर परत आल्यावर गोविंदराव ओरडतील म्हणून ती वाट बघत होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, “लग्नाला किती वर्षं झाली हे तू विचारलंस. लग्न झालं का, हे विचारलंस?”

तिने मान खाली घातली. तिच्या गावात तो प्रश्न कुठल्या बाईला विचारला असता तर थोबाडीत बसली असती. म्हणून तिने तो विचारलाच नाही, आणि सभ्यतेपायी साडेतीन एकर जमीन घालवली.

तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी तिच्या डोक्यात एक तोड निघाली आणि ती एकटीच पाड्यावर गेली. नवशी पहिल्या तारखेला गोंधळली, तिला प्रश्न कळला नाही, असं म्हणता येईल. धवलेरीने येऊन लग्न मी लावलं असं सांगितलं की झालं. कोण विचारायला जातंय बावीस वर्षांपूर्वीचं? जमीन तर वाचेल. कायदा शिकणाऱ्या मुलीला हे सुचलं हे तिच्याविषयी फार चांगलं सांगत नाही, पण चूक निस्तरायला निघालेला माणूस आधी दुसरी चूकच हाताशी घेतो. तिचं वयही बावीसच होतं.

पाड्यावरची धवलेरी होती जानी. म्हातारी, वाळकी, डोळे मात्र लखलखीत. कुडाला टेकून टोपलं विणत बसली होती. नवशी आणि हिरी शेजारी बसल्या. विजयमालाने आपली तोड सांगितली. जानीचे हात थांबले.

“नाय म्हटलेला गाणा म्हटला असा बोलू?” जानी म्हणाली. “मंग फुडं कोणाचा लगीन लावू मी? देवी येल काय माझ्या चौकात?”

विजयमालाने नवशीकडे पाहिलं. निदान हिला तरी जमिनीची काळजी असेल. नवशीने मान हलवली. तिचा आवाज तसाच सपाट होता. हाल्याच्या मनात लग्न करायचं होतं, म्हणाली. झालं असं मी खोटं बोलले तर त्याच्या मनातलं खोटं होईल.

मग जानीने तिला बसवून घेतलं आणि शाळेतल्या पोरीला समजवावं तसं समजावलं. पोरगी पोऱ्याकडे येते, दोघांचे लोक दारू पितात, बोलणं होतं, पाडा मान्य करतो. त्या दिवसापासून ती त्याची बायको. लग्नाला भात लागतो, ताडी लागते, दोन दिवस पाड्याला जेवण लागतं. ते जमेल तेव्हा लग्न. कुणाचं दहा वर्षांनी, कुणाचं नातवंडं झाल्यावर. जानीचं स्वतःचं लग्न तिच्या थोरल्याच्या लग्नात झालं, एकाच मांडवात, आई-बाप आणि लेक-सून शेजारी शेजारी. या पाड्यात घरं अकरा आणि लग्न झालेली जोडपी चार. बाकीच्या सात घरांतल्या बाया काय म्हणून राहतात मग, असं तिने विचारलं आणि वर म्हणाली, “तुझ्या पोथीत आमचा रिवाज नाय काय?”

 परतीच्या एस.टी.त तोच प्रश्न विजयमालाच्या डोक्यात फिरत राहिला. घरी पोचल्यावर आईने पानं घेतली होती, पण तिने आधी पुस्तक काढलं. वारसाहक्काचा नवा कायदा तिला तोंडपाठ होता. कोण पहिल्या वर्गात, कोण दुसऱ्या, विधवेला किती, मुलीला किती, सगळं. पण पहिल्याच पानावरचं दुसरं कलम तिने कधी वाचलं नव्हतं. परीक्षेत ते विचारत नाहीत, असं वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलं होतं. ते आता तिने उभ्या उभ्या वाचलं. सरकारने वेगळं जाहीर केल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, असं तिथे छापलेलं होतं. वारली अनुसूचित जमात. म्हणजे नवशीला या पुस्तकाने मोजायचंच नव्हतं. तिला मोजायचं होतं जानीच्या रिवाजाने. विजयमाला पानावर बसली आणि इतकी जेवली की आईने आनंदाने आणखी आमटी वाढली. मुलीचं कुठे तरी ठरलं, असा त्या माउलीचा समज झाला असणार.

दुसऱ्या तारखेला गोविंदरावांचा दमा बरा होता. ते कचेरीत आले, तरी मागच्या बाकावर बसून राहिले. चूक तुझी, म्हणाले, उभी तूच राहा, मी मागे आहे. अर्ध्या वकिलाला बोलू द्यायचं की नाही यावर शेठच्या वकिलांनी हरकत घेतली. मामलेदार म्हणाले, अर्ज तिने लिहिलाय, तर अर्जाबद्दल तिला बोलू द्या.

विजयमाला उभी राहिली. आधी तिने अर्ज मागून घेतला. विवाह, सन १९४० या ओळीवर सगळ्यांसमोर काट मारली, बाजूला सही केली आणि सांगितलं की ही ओळ अर्जदाराने सांगितली नव्हती, मी न विचारता लिहिली, चूक माझी आहे. हे बोलताना तिचा आवाज फुटला. पण एकदा फुटल्यावर तो मोकळा झाला. मग तिने ते दुसरं कलम वाचलं आणि म्हणाली की या बाईचं नातं आमच्या कायद्याने ठरत नाही, तिच्या जमातीच्या रिवाजाने ठरतं, आणि रिवाज सांगायला धवलेरी आली आहे.

शेठच्या वकिलांचा मऊपणा जरा कमी झाला. त्यांनी जानीला पुढे घेतलं. हिचं लग्न तू लावलंस का? नाही. दुसऱ्या कुणी लावलं? नाही. मग लग्न लागल्याशिवाय ती त्याची बायको कशी झाली?

जानीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. वारल्यांच्या बोलण्यात ‘तुम्ही’ नाही, लहानमोठा सगळ्यांना ‘तू’, तसं तिने थेट मामलेदारांनाच विचारलं. “तू सांग. या जमिनीच्या कागदात हाल्याचा नाव कवा चढला?”

मामलेदारांनी सवयीने कागद उलटले. पन्नास साली, ते म्हणाले.

“आन् नांगर कवापासून धरला त्यानं?”

ते उत्तरही समोरच होतं, शेठच्या स्वतःच्या जबाबात. हाल्या आणि त्याच्या आधी त्याचा बाप ही जमीन कसत असल्याचं शेठने कबूल केलं होतं.

“मंग पन्नास सालापातूर तो कूळ नव्हता काय?” जानी म्हणाली. “कसला आधी. कागद मागून आला. आमचा लगीन तसाच रं. नांदायचा आधी, गाणा मागून.”

 शेठच्या वकिलांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण याला हरकत कुठल्या कलमाखाली घ्यायची हे पुऱ्या वकिलालाही सुचेना. मागे गोविंदराव खोकले. तो खोकला दम्याचा नव्हता, असं विजयमालाने पुढे डहाणूला वकिली सुरू केल्यावर अनेकांना सांगितलं.

मामलेदारांनी नवशीला पुढे बोलावलं. बावीस वर्षांत लग्न का नाही केलं, असं त्यांनी विचारलं. प्रश्नात कसलाच खोडा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

 “औंदा कराचा व्हता,” नवशी म्हणाली. “हिरीचा आन् आमचा, एका मांडवात. त्यानं भात वेगळा काढून कणगीत ठेवला व्हता. मंग तो मेला. तो भात त्याच्या दिवसाला रांधला.”

मामलेदारांनी चष्मा काढून पुसला. मग एकच प्रश्न उरला होता, तो त्यांनी सावकाश, नीट समजेल असा विचारला. ही जमीन तुला घ्यायची आहे का? याच प्रश्नाला कितीएक जण दारातल्या दिवाणजीकडे बघून ‘नको’ म्हणून गेले होते. दिवाणजी आजही दारात होता. विजयमालाचा जीव टांगणीला लागला. मध्ये बोलायची मुभा नव्हती.

नवशीने दाराकडे पाहिलं, दिवाणजीला नीट निरखलं आणि तोंड वळवलं. “घ्याची हाय,” ती म्हणाली. “मी आन् हिरी कसू.”

निकाल तिथल्या तिथे कारकुनाला सांगितला गेला. मयत कूळ हाल्या याची पत्नी नवशी व मुलगी हिरी या जमातीच्या रिवाजाप्रमाणे वारस ठरतात, जमीन खरेदी करण्याची त्यांची तयारी आहे, सबब त्यांची नावं दाखल करावीत. शेठचे वकील अपील करू म्हणत उठले. त्यांनी पुढे काही केलं नाही, किंवा शेठने करू दिलं नाही. साडेतीन एकरांसाठी ठाण्याच्या खेपा कोण मारणार?

बाहेर पायऱ्यांवर हिरीला काय करावं सुचेना, ती नुसती हसत होती. जानीने लगेच तंबाखूची पुडी काढली आणि बाजारात टोपली विकली गेली असती तर बरं झालं असतं म्हणाली. विजयमालाने निकाल एका कागदावर उतरवून घेतला होता. तो तिने नवशीला वाचून दाखवला, या वेळी हळू, आणि कचेरीच्या मराठीतला एकेक शब्द सोडवून. मयत म्हणजे हाल्या. पत्नी म्हणजे तू. वारस म्हणजे जमीन तुझी, झोपडं उचलायचं नाही.

“झोपडा उचलाचा नाय,” नवशीने परत म्हणून पाहिलं.

“नाही.”

“कदीच नाय?”

“कधीच नाही.”

नवशीने डोक्यावरच्या पदराचं टोक ओढून घेतलं आणि पायरीवर बसली. विजयमालाला वाटलं तिला चक्कर आली. पाणी आणू का, म्हणून ती खाली वाकली. माघात हाल्या गेला, तिसऱ्या दिवशी दिवाणजी आला, तेव्हापासून आजवर दीड कोस इकडे आणि दीड कोस तिकडे एवढंच या बाईने केलं होतं. ते विजयमालाच्या तेव्हा लक्षात आलं.

“पानी नको, बाय,” नवशी म्हणाली. “आता मना त्याच्यासाटी रडाचा हाय. वायच थांब.”